कबुली दिली म्हणजे बदलला का?

मराठीत अपराधी नायकावर चर्चा निघाली की दोन तट पडतात. एक म्हणतो, कबुली दिली, शिक्षा भोगली, प्रायश्चित्त झालं. दुसरा म्हणतो, मनोविश्लेषण ही गुन्ह्यासाठी शोधलेली सबब. इकडे परदेशात वेगळाच सूर ऐकू येतो: अपराधीपणा हा आजार, नायकाने स्वतःला माफ केलं की तो बरा झाला. मला तिन्ही वाचनं उतावळी वाटतात. त्याला वाईट वाटतंय ते कुणासाठी, हे कुणी विचारतच नाही.

मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने १९३७च्या निबंधात अपराधभावाची सांगड नुकसान भरून काढण्याच्या ओढीशी घातली. शिक्षेच्या भीतीने पोखरला जाणारा माणूस वेगळा आणि ज्याला इजा केली त्याच्यासाठी झुरणारा वेगळा. आपण दोघांनाही सरसकट ‘अपराधगंड’ चिकटवतो, घोळ तिथे होतो.

पेन्सिल घेऊन वाचा. ‘मी सापडेन’, ‘मी किती नीच’ असं येईल तिथे एक खूण. बळी गेलेल्याचं नाव, चेहरा आठवेल तिथे दुसरी. दोस्तोयेव्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत दुसऱ्या खुणा फार थोड्या पडतात. नायक रास्कोल्निकोव्ह एका सावकारीण बाईचा खून करतो; तिची सावत्र बहीण लिझावेता अवचित घरात आली म्हणून मारली गेली. आपल्याला तिची आठवण जवळजवळ येतच नाही, याचं खुद्द रास्कोल्निकोव्हलाच नवल वाटतं. कबुलीनंतर आठ वर्षांची सक्तमजुरी होते, तरी सायबेरियात त्याला आपली चूक एवढीच दिसते की गुन्हा पेलवला नाही आणि आपण हजर झालो. म्हणजे कबुली आधी आली, बदल झालेलाच नव्हता. खुनाआधीच्या स्वप्नात मात्र मारून टाकलेल्या घोडीच्या गळ्यात पडून रडणारं पोर तोच असतो. कळवळा होता, तो दडपला गेला.

एक पथ्य पाळावं: लेखकाच्या बापापर्यंत जाऊ नये. १९२८च्या निबंधात फ्रॉइड दोस्तोयेव्स्कीच्या बापापर्यंत पोचला आणि कादंबरी बाजूलाच राहिली.

शेवटच्या पानावर रास्कोल्निकोव्हच्या उशीखाली बायबलचा नवा करार आहे. त्याच्यावर जीव असलेल्या सोनियाने त्याला वाचून दाखवलेली प्रत. तिला ती लिझावेताने आणून दिलेली. तो ती हातात घेतो, उघडत नाही. मनात विचार येतो तो सोनियाचा. लिझावेताचं नाव त्या पानावर नाही.