बावीस श्रुती, एक डबा आणि मामांची एफडी

परवा रात्री साडेदहाला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मामांचा फोन. साडेदहा म्हणजे मामांची मध्यरात्र, मला वाटलं काय झालं आणि काय नाही. तर म्हणाले, "अरे, तू बसवून दिलेला तो डबा बंद करू काय? त्यात ठेवून गाणी खराब व्हाय लागल्यात म्हणे." कोण म्हणे? तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. झालं.

तो मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. "शास्त्रीय संगीताच्या रसिकांनो सावधान" अशी सुरुवात, मग मुद्दे, शेवटी तंबोऱ्याचं चित्र आणि जोडलेले हात. म्हणणं एवढंच की घरी साध्या कॉम्प्युटरचा म्युझिक सर्व्हर करून त्यात सीडी भरल्या की गाणं मरतं. कॉपी करताना झिजतं, फ्लॅक नावाच्या फाइलीत दाबलं जातं, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये आपल्या बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, मावतच नाहीत, साध्या केबलमधून जाताना तार सप्तक कोमेजतं. आणि यावर उपाय काय, तर 'खास' ऑडिओ सर्व्हर, एक लाख पंच्याऐंशी हजार फक्त, नंबर खाली दिलाय. मामा रिटायर्ड शिक्षक आहेत आणि एफडी मोडायचा विचार चालला होता त्यांचा. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर असले मेसेज रोज दहा येतात, कोण वाचतंय.

आधी तो डबा म्हणजे काय ते सांगतो. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी, आठ हजाराचा, शाळेच्या टिफिनपेक्षा थोडा मोठा. आत १ टीबीची एसएसडी घातली. डेबियन लिनक्स टाकलं, त्यावर लिरिऑन म्युझिक सर्व्हर आणि वाजवायला स्क्वीझलाइट, सगळं फुकट. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, राउटरला एक वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे एक. मामा आरामखुर्चीत बसून मोबाईलवरून बंदिश निवडतात. त्यांच्या ६४० सीडी आहेत, फ्लॅकमध्ये एकीला सरासरी ३०० एमबी धरले तर सगळा संसार १९२ जीबीत बसतो, म्हणजे एसएसडीचा पाचवा हिस्सा. गाणं वाजवायला त्या प्रोसेसरला घाम सुद्धा येत नाही.

आता मुद्दे. "प्रत्येक कॉपीला गाणं झिजतं." हाच मेसेज किती हजार वेळा फॉरवर्ड झाला असेल, त्यातलं एक अक्षर तरी झिजलं का? शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा जशाच्या तशा पोचल्यात. कॅसेटवरून कॅसेट करायचो तेव्हा झिजायचं हे खरं आहे, तिसऱ्या कॉपीला गवई पावसात बसून गातोय असं वाटायचं, आणि मामांच्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय त्यात त्यांची चूक नाही. पण तो टेपचा गुण होता. फाइल एक तर जशीच्या तशी कॉपी होते, नाहीतर बिघडते, आणि बिघडली तर कळतं, कारण फ्लॅकच्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाचा ठसा, म्हणजे एमडी५ चेकसम, लिहिलेला असतो. एक कमांड दिली की कॉम्प्युटर रात्रभर सगळ्या फाइली तपासून सकाळी सांगतो.

"फ्लॅक दाबलेलं असतं म्हणून मेलेलं असतं." नाही. झिप फाइल उघडल्यावर पत्रातला मजकूर कमी होतो का? एमपीथ्रीत खरंच माहिती टाकून देतात, फ्लॅकमध्ये एक बिटसुद्धा टाकत नाहीत. पुढे चला.

आता तो श्रुतीचा मुद्दा. यावर मात्र थांबणार, कारण मामा सगळ्यात जास्त हलले ते याच्यावर, आणि ज्यानं कुणी हे लिहिलंय त्याला आपल्या माणसाची नस बरोबर माहीत आहे. मेसेज म्हणतो की डिजिटल म्हणजे पायऱ्या, सेकंदाला ४४,१०० पायऱ्या, आणि श्रुती त्या पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तुटते, आंदोलन (स्वराचं हळू डोलणं) तर जातंच, म्हणून परदेशी संगीताला सीडी चालेल पण आपल्याला १९२ किलोहर्ट्झच पाहिजे. ऐकायला इतकं पटणारं आहे की वाचून मलाही क्षणभर वाटलं, च्यायला, असेल का!

अहो, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात ती हवेच्या दाबाची त्या क्षणाची उंची. स्वर मोजत नाहीत. स्वराची उंची ठरते ती लाट सेकंदाला किती वेळा येते त्यावर, आणि ४४,१०० च्या निम्म्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या खालची कुठलीही लाट, ती २६६ ची असो, २६६.६७ ची असो नाहीतर त्याच्या अधली-मधली, त्या मोजमापांतून पुन्हा अखंड उभी करता येते. हे गणित क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली सिद्ध करून छापलंय, त्यात घराणी नाहीत आणि पूर्व-पश्चिम नाही. डॅकमधून, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या भागातून, बाहेर येताना जिना येत नाही, गुळगुळीत लाट येते. १६ बिटच्या ज्या पायऱ्या आहेत त्या आवाजाच्या लहानमोठेपणाच्या, आणि त्यांचं शेवटी काय होतं तर मोठ्यात मोठ्या आवाजाच्या नव्वद-एक डेसिबल खाली एक बारीक खरखर. तुमच्या पंख्याचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो.

मामांना गणित सांगून उपयोग नव्हता. म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत सा २४० हर्ट्झ धरतात, तोच धरला. चतुःश्रुती रिषभ, म्हणजे जरा चढा रे, २७०; त्रिश्रुती रिषभ, म्हणजे किंचित उतरता रे, २६६.६७. ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही स्वर तयार केले, मुद्दाम १६ बिट ४४.१, सीडीला असतं तसंच. आधी एकेक ऐकवला, मामा लगेच म्हणाले दुसरा उतरलाय. मग दोन्ही एकदम वाजवले. तंबोऱ्याची जोड नीट लागलेली नसली की जे हेलकावे येतात ना, तेच, सेकंदाला तीनेक. मामा खुर्चीतून पुढे सरकले. आयुष्यभर ज्या हेलकाव्यांवर तंबोरा लावला ते या 'श्रुती कापणाऱ्या' सीडीच्या आवाजात स्पष्ट मोजता येत होते. नंतर २४० पासून २७० पर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच स्वर काढून दिला, म्हटलं शोधा आता कुठं तुटतोय. नाही सापडलं.

श्रुती खरोखर कशात मावत नसतील तर त्या पेटीत. बारा सूर, कारखान्यात ठोकून बसवलेले, मींड नाही की आंदोलन नाही. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. आणि मामा स्वतः गेली चाळीस वर्षं गणपतीत पेटीच वाजवतात! हे बोललो तर मामी आतून हसल्या आणि माझा चहा लांबला.

आणखी एक. मेसेजमध्ये अल्लादियाखाँसाहेबांचं नाव घालून लिहिलंय की ही गायकी हाय-रेझशिवाय, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजलेल्या आवाजाशिवाय, कळणारच नाही. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, कोल्हापुरात त्यांचं नाव घेतलं की माणूस वाद घालायचा थांबतो, म्हणूनच घातलंय. पण त्यांच्या शिष्या केसरबाईंचं गाणं घराघरात पोचलं ते ७८ च्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, खरखरीसकट. मामांना त्या गायकीचं वेड लागलं ते पण असल्याच तबकडीवरून, देवल क्लबात, म्हणजे कोल्हापुरातल्या जुन्या संगीत संस्थेत, जायला लागले ते नंतर. त्या तबकडीत वरच्या टोकाचं फार काही नव्हतंच, मग तिची १९२ ची फाइल करून त्यात काय येणार, खरखर मात्र लई बारकाईनं ऐकू येईल.

हाय-रेझबद्दल माझ्याकडे दाखवायला एकच भक्कम गोष्ट आहे, पण ती पुरे आहे. बॉस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी वर्षभर एक प्रयोग केला आणि तो २००७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. उच्च दर्जाच्या एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ लावायच्या, मध्येच तो आवाज १६ बिट ४४.१ च्या चाळणीतून काढायचा, आणि ऐकणाऱ्यानं ओळखायचं चाळणी कधी आहे आणि कधी नाही. ऐकणारे रेकॉर्डिंगवाले, विद्यार्थी, ऑडिओचे शौकीन. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढी आली असती. आवाज घरात कुणी लावणार नाही इतका वाढवला तेव्हा शांत जागी खरखर कळली, तेवढंच. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी १८ प्रयोग एकत्र करून बघितलं आणि ५२.३ टक्के आले, म्हणजे अगदी शून्य फरक आहे असं मी म्हणू शकत नाही. घ्या, दिले ते दोन टक्के तुम्हाला. पण पासष्टीच्या कानासाठी त्या दोन टक्क्यांपायी पावणेदोन लाखांच्या वर?

केबलचं तर बोलायलाच नको. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला १.४ मेगाबिट, साधी गिगाबिट लॅन केबल त्याच्या सातशेपट वाहून नेते. केबलमधून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटाला चेकसम असतो, बिघडलं की फेकून परत मागवतात. केबल खराब असेल तर गाणं अडकतं, थांबतं. तार सप्तक तेवढं कोमेजलं आणि मंद्र सप्तक ठणठणीत राहिलं असं करायला त्या केबलला राग कळायला पाहिजे. डब्यानं वीजबिल हजारानं वाढतं हे मेसेजमधलं पण खोटं, डबा दहा वॅट खातो, महिन्याला सात युनिट, दहाचा दर धरला तरी सत्तर रुपये.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, जिवावर येतंय तरी. "कॉम्प्युटरचा विजेचा आवाज गाण्यात मिसळतो" हे अर्धं खरं आहे. मिनी पीसीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरला लावली तेव्हा खरंच घूं आवाज येत होता, आणि फाइल कॉपी व्हायला लागली की मागे बारीक किरकिर. पण इलाज लाखाचा नाही. तीन हजाराचा यूएसबी डॅक लावला, किरकिर गेली. घूं राहिलं, ते मामांच्या जुन्या घराच्या अर्थिंगचं निघालं, वायरमननं अर्ध्या दिवसात नीट केलं. ती अर्थिंग तशीच ठेवून पावणेदोन लाखाचा सर्व्हर आणला असता तरी घूं तिथंच बसलं असतं.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळे खरा राग आला. "आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्कचा रेड आहे, हाच बॅकअप, मूळ सीडी सांभाळायची गरज नाही." मी गेलो तेव्हा जिन्याखाली सीडींचं पोतं भरून ठेवलेलं, भंगारवाल्यासाठी! रेड म्हणजे एक डिस्क मेली तर दुसरीवर गाणं चालू राहतं, बस्स. चुकून डिलीट केलं तर दोन्हीवरून जातं, वीज पडली तर दोन्ही जातात, आणि पाणी आलं तर दोन्ही एकाच डब्यात बुडतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीत आत्याच्या घरातली कॅसेटची दोन कपाटं चिखलात गेली, त्यातली एकसुद्धा वाचली नाही, हे मामांना माहीत आहे, ते स्वतः गेले होते चिखल काढायला.

पोतं मी उचलून माळ्यावर ठेवलं. सगळ्या फाइलींची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली, ती मामांच्याच टेबलाच्या खणात. दुसरी कॉपी कोल्हापुराबाहेर ठेवायची ठरली, तर मामा म्हणाले ताईकडे सांगलीला देऊ. म्हटलं मामा, तिथं कृष्णा आहे. मग पुण्याच्या मावसभावाकडे पाठवली, चौथ्या मजल्यावर.