फेब्रुवारीत झरा मोजणाऱ्या शहाण्यांनो

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पलीकडच्या वाड्यांमध्ये फेब्रुवारीत पाणी असतंच. हे कळायला कन्सल्टंट लागत नाही, तिथल्या म्हशींनाही ठाऊक आहे. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, काळ्या कातळाच्या भेगांमध्ये जेवढं मुरेल तेवढं मुरतं आणि झऱ्यांतून हळूहळू बाहेर येत राहतं. दिवाळीत धो धो, संक्रांतीला बऱ्यापैकी, होळीपर्यंत जेमतेम. खरी परीक्षा एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत. बाया पहाटे उठून झऱ्याशी वाटी घेऊन बसतात आणि खड्ड्यात साठलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. खाली पानशेतच्या धरणात पाणी चमकत असतं, ते आपण पुणेकर पितो, त्यावर गाड्याही धुतो. हा राग वेगळा, तो पुन्हा कधीतरी.

तर आमच्या संस्थेने एका कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर खर्चावा लागतो त्या, पैशातून तिथल्या आठ-दहा वाड्यांमध्ये झरे बांधून काढले. झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त टाकी, तिथून उताराने वाडीपर्यंत पाइप, खाली साठवण टाकी आणि नळकोंडाळं. वर डोंगरात चर खणले, चराईबंदी केली. बायकांच्या पाणी समित्या झाल्या आणि घरटी पट्टीसुद्धा ठरली. तीन वर्षं चाललेलं काम. आणि त्याचं मूल्यमापन कधी करायचं? फेब्रुवारीत. कारण रिपोर्ट ३१ मार्चच्या आत कंपनीच्या टेबलावर पाहिजे.

बरं, कायद्याने तरी असं सांगितलंय का? नाही! २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं की मागच्या तीन वर्षांत ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर बंधन १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने आपल्या १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे परिणामांचं मूल्यमापन, स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं. तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यावर. म्हणजे दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांनाही कळलं की काम संपल्या संपल्या परिणाम मोजता येत नाही, थोडं थांबावं लागतं. आमचा प्रकल्प कोटीच्या जवळपासही नाही, त्यामुळे हा नियम आम्हाला लागूच नाही. पण हल्ली सगळ्यांना 'थर्ड पार्टी इव्हॅल्युएशन', म्हणजे बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन, हवं असतं, वार्षिक अहवालात टाकायला बरं दिसतं. कंपनी म्हणते, एजन्सी शोधा तुम्ही, पैसे द्या तुमच्याच प्रकल्पाच्या बजेटमधून, पद्धत मात्र आमची आणि तारीखही आमची.

मी मेलवर मेल केले. म्हटलं, पाण्याचा प्रकल्प आहे, मे महिन्याचे पहिले दोन आठवडे द्या, बाकी काही मागत नाही. उत्तर काय आलं? "आर्थिक वर्ष संपल्यावर ही बजेट लाइन कॅरी फॉरवर्ड होणार नाही." संपलं. झऱ्याने आर्थिक वर्षाप्रमाणे आटावं अशी अपेक्षा आहे बहुतेक.

आता निवडीची गंमत ऐका. टीओआर, म्हणजे काम काय आणि कसं हवं याचा कागद, मी लिहिला, जीव ओतून लिहिला. टीममध्ये एक भूजलाचा जाणकार हवा, मराठी बोलणारी माणसं हवीत, झऱ्याचा प्रवाह प्रत्यक्ष मोजायचा, समितीच्या बायकांशी त्यांच्या सोयीच्या वेळेला बोलायचं. पुण्यात भूजलवाल्यांना काय तोटा आहे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय इथे, भूजलावरच काम करणारी संस्था अ‍ॅक्वाडॅम इथे, विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे. पण टीओआर कंपनीच्या परचेस विभागाकडे गेला. चाकणच्या कारखान्याला नटबोल्ट घेतात तसं मूल्यमापन घ्यायला बसले लोक. व्हेंडर रजिस्ट्रेशन, तीन कोटेशन, तीन वर्षांचा ऑडिटेड टर्नओव्हर, आणि शेवटी एल-वन, म्हणजे जो सर्वात स्वस्त तो.

एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी प्रस्ताव पाठवला होता. दोनच पानांचा, पण काय दोन पानं! कोणत्या वाडीत कोणता झरा, कातळाच्या कुठल्या थरातून येतो, मागच्या दुष्काळात काय झालं, सगळं हाताने काढलेल्या नकाशासकट. शेवटी एक ओळ: "मे महिन्यात मोजमाप करणार नसाल तर कृपया माझा विचार करू नये." मला तर ती ओळ फ्रेम करून भिंतीवर लावावीशी वाटली. ते पहिल्याच चाळणीत बाद. का? जीएसटी नंबर नाही. अहो, वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागतच नाही, हे परचेसवाल्यांना मी सांगायचं? सांगितलं, तरी फॉर्ममधला तो रकाना लाल तारांकित आहे, तो भरल्याशिवाय पोर्टल पुढेच जात नाही. आणि एकट्या माणसाचा ऑडिटेड टर्नओव्हर कुठून आणायचा?

मग जी एजन्सी आली, तिचा प्रस्ताव साठ-सत्तर पानांचा. पहिली वीस पानं त्यांच्या क्लायंट्सचे लोगो. टीम लीडर म्हणून नाव एका मोठ्या माणसाचं, पंचवीस वर्षांचा अनुभव, परदेशी पदवी, फोटोत मागे पुस्तकांचं कपाट. तो माणूस आम्हाला प्रत्यक्ष एकदाही दिसला नाही. सुरुवातीच्या झूम कॉलला आला, कॅमेरा बंद ठेवून "लेट अस बी व्हेरी रिगरस" म्हणाला आणि दुसरा कॉल आहे म्हणून गेला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वेल्ह्याला आली ती नुकती मास्टर्स झालेली दोन पोरं. पोरं गुणी होती हो, त्यांचा राग नाही मला. दिवसाला किती फॉर्म भरायचे याचं टार्गेट डोक्यावर, आणि आयुष्यात कधी झरा पाहिलेला नाही. त्यांना मिळणारे पैसे आणि आम्हाला लावलेला 'फील्ड इन्व्हेस्टिगेटर'चा रेट यातला फरक ऐकून मला तर गाडीतच कसंतरी झालं. टीममधला भूजलाचा जाणकार 'ऑन कॉल' होता म्हणे. कॉल कुणी केला नाही.

त्यात वेळ बघा. बायकांशी गटचर्चा ठेवली सकाळी अकराला. त्या वेळी बाया लाकडाला, शेण्या थापायला, नाहीतर कुणाच्या वीटभट्टीवर. मी संध्याकाळी सातनंतर ठेवा म्हटलं, तर मुक्कामाचं बजेट नाही. पोरांना पाचच्या आत नसरापूर फाटा गाठायचा होता, कारण पुढे खेड शिवापूरला आणि कात्रजच्या बोगद्यापाशी ट्रॅफिक लागतं. मग घरी कोण होतं? म्हातारी माणसं आणि पोरंबाळं. त्यांच्याच मुलाखती झाल्या.

एका मावशींची मुलाखत मी शेजारी बसून ऐकली. टॅबवर प्रश्न आला, या प्रकल्पामुळे तुमचं सक्षमीकरण किती झालं असं वाटतं, १ ते ५ मध्ये सांगा. मावशी पोराकडे बघतायत, पोरगं टॅबकडे. त्याने पुन्हा विचारलं. मावशी म्हणाल्या, "पाचातलं काय इचारतोस, नळाला पाणी हाय ना आत्ता, बघ की सोडून." पोराने ४ टिक केलं. नळ काही सोडून बघितला नाही. पुढचा प्रश्न होता 'निर्णयप्रक्रियेतील सहभाग', त्यालाही ४. मग मावशींनी चहा टाकला आणि चहा पिता पिता पुढचा अख्खा रकाना ४ ने भरला. रिपोर्टमध्ये पुढे त्याचा रंगीत आलेख आला, त्याखाली सरासरीसुद्धा, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत!

आणि आता ज्याच्यावरून माझं डोकं खरं फिरलं ते सांगते.

झरा मोजायला काय लागतं? एक बादली आणि एक घड्याळ. बादली किती लिटरची ते माहीत असलं, भरायला किती सेकंद लागले ते पाहिलं, की झाला प्रवाहाचा हिशोब. आमचा तिथला कार्यकर्ता, त्याच भागातला पोरगा, बारावी झालेला. गेली तीन वर्षं दर महिन्याला प्रत्येक झऱ्यावर जाऊन त्याने हेच केलं. जाड पुठ्ठ्याची वही आहे त्याची, पावसात भिजून फुगलेली. वाडीचं नाव, तारीख, तीन वेळा मोजलेले सेकंद, त्यांची सरासरी आणि शेजारी शेरा: "गुरं आत आली, कुंपण तुटलं", "वरच्या शेतात बोअर मारली, तेव्हापासून कमी". दोन वाड्यांमध्ये मे महिन्यातला प्रवाह कामानंतर वाढलेला दिसतो, एका वाडीत काहीच फरक नाही, आणि त्या बोअरच्या शेजारचा झरा तर आधीपेक्षा वाईट. म्हणजे आमचं काम कुठे फसलं हेही त्यात लिहिलेलं आहे. मूल्यमापन करणाऱ्याला याहून काय हवं? आम्हाला तेच तर हवं होतं, कुणीतरी बाहेरच्या शहाण्या माणसाने ते आकडे तपासावेत, पोराची पद्धत बरोबर आहे का बघावी, त्या फसलेल्या वाडीत काय करायचं ते सांगावं.

त्याने वही पोरांना दाखवली. पहिल्या दिवशी दाखवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवली. "आमच्या टूलमध्ये हे नाही, सर," असं उत्तर मिळालं. टूल म्हणजे टॅबवरची त्यांची ठरलेली प्रश्नावली. मी वहीच्या पानांचे फोटो काढून एजन्सीला मेल केले. 'नोटेड विथ थँक्स.'

आणि ड्राफ्ट रिपोर्टमध्ये, मर्यादांच्या प्रकरणात, काय लिहिलं असेल? "संस्थेकडे प्रवाहाविषयीची दुय्यम आकडेवारी उपलब्ध नव्हती."

मी ते वाक्य ऑफिसमध्ये मोठ्याने वाचलं. नव्या पेठेतलं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, शेजारच्या क्लासमधली एमपीएससीची मुलंसुद्धा दारात येऊन बघायला लागली काय झालं म्हणून.

बाकी रिपोर्टचं काय सांगावं. रिलेव्हन्स, कोहेरन्स, इफेक्टिव्हनेस, एफिशियन्सी, इम्पॅक्ट, सस्टेनेबिलिटी, असे ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेचे मूल्यमापनाचे सहा निकष, सहा प्रकरणं, प्रत्येकाच्या सुरुवातीला एक पान व्याख्या. निकषांबद्दल माझी तक्रार नाही. १९९१ पासून जगभर वापरतात, आधी पाच होते, २०१९ मध्ये सहावा आला. नीट वापरले तर त्यातून चांगले प्रश्न पडतात. पण सस्टेनेबिलिटीचं, म्हणजे काम पुढे टिकेल का याचं, प्रकरण लिहिताना पाइप फुटला तर दुरुस्तीचे पैसे कुणाकडे आहेत, पट्टी किती घरं भरतात, समितीचं पासबुक बघितलं का, यातलं काही नको का? त्याऐवजी 'समुदायात मालकीची भावना निर्माण झाल्याचे दिसून आले.' कुठे दिसून आलं, चहात? आणि चौथ्या प्रकरणात एका ठिकाणी आमच्या तालुक्याऐवजी नंदुरबार. दुसऱ्या ठिकाणी 'किनारपट्टीवरील मच्छीमार कुटुंबे'. वेल्ह्यात! सह्याद्रीच्या माथ्यावर मच्छीमार! जुना रिपोर्ट घ्यायचा, नावं बदलायची, तेवढं तरी धड बदला की.

शिफारशी तर कुठल्याही प्रकल्पाला डोळे झाकून चिकटवाव्यात अशा. शासकीय योजनांशी समन्वय वाढवावा. क्षमताबांधणी करावी. पाणी समितीसाठी मोबाइल अ‍ॅप विकसित करावं. त्या वाड्यांमध्ये फोनला रेंज यायची तर देवळाच्या चौथऱ्यावर उभं राहावं लागतं, तेही विशिष्ट बाजूला तोंड करून. त्या फसलेल्या वाडीबद्दल एक अक्षर नाही, कारण सरासरीत ती बुडाली.

लोक म्हणतात, कशाला मनाला लावून घेतेस, चांगलाच रिपोर्ट आलाय ना, चार पूर्णांक काहीतरी मार्क पडलेत, पुढचा निधी मिळेल. अगदी आमच्या ट्रस्टींनीही हेच सांगितलं. कंपनीच्या मॅडम तर खूश, डिझाइन फार सुंदर झालंय म्हणाल्या, डॅशबोर्डला वापरणार आहेत. हे म्हणजे चाललंय काय? निधी देणाऱ्याला वाईट बातमी नको, एजन्सीला पुढचं काम हवं म्हणून तीही वाईट बातमी देत नाही, आणि आमच्यासारख्यांनी आमचीच फसलेली वाडी लपवल्याबद्दल बाहेरच्या माणसाला पैसे द्यायचे. हेच पैसे त्या वाडीतल्या झऱ्याच्या वर कुंपण घालायला दिले असते तर निदान गुरं तरी अडली असती.

या आठवड्यात बिल आलं. कोटेशनमध्ये 'टॅक्सेस एक्स्ट्रा' असं मुंगीएवढ्या अक्षरात होतं, म्हणून वर १८ टक्के जीएसटी. आम्ही तो परत मिळवू शकत नाही, तो सरळ प्रकल्पातून जाणार. टीम लीडरचे 'फील्ड सुपरव्हिजन'चे दिवस लावलेत, जो माणूस खडकवासल्याच्या पुढे आलेला नाही. आणि तळाला एक ओळ: 'क्लायंटच्या विनंतीवरून अतिरिक्त रिव्हिजन राउंड'. म्हणजे नंदुरबार खोडायचे आणि मच्छीमार हाकलायचे पैसेसुद्धा आमच्याकडूनच!

तेवढी ओळ मी लाल पेनाने खोडून बिल परत पाठवलंय. सुपरव्हिजनच्या दिवसांचे टोलच्या पावत्यांसकट पुरावे मागितलेत. ते आल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटणार नाही, कंपनीच्या मॅडमचे कितीही फोन येऊ देत. आणि मे महिन्यात बादली घेऊन मी स्वतः जाणार आहे त्या पोराबरोबर. निवृत्त भूवैज्ञानिकांना फोन केलाय, पेट्रोलचा खर्च तेवढा द्या म्हणाले.