नस उघडल्यावरची इजा: अण्णांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अण्णा, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की "हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली नस उघडून रक्त परत सुरू झालं की हृदयाच्या स्नायूला इजा होते" असं आधीच्या लेखात लिहून मी लोकांना अँजिओप्लास्टीची भीती घालायलोय, खानापूर-नंदगडकडची माणसं आधीच बेळगावला यायचं टाळतात, आणि इजा होतेच तर दंडाला बीपीचा पट्टा आवळायचा उपाय मी का लपवला. काकांच्या हृदयाचं पंपिंग (एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) अँजिओप्लास्टीनंतर ३५ टक्के आलंय, ते यामुळंच काय, हेही विचारलंय.

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. नस उघडते, पेशंट म्हणतो छाती हलकी झाली बघा, आणि तेवढ्यात मॉनिटरवर रुंद रुंद ठोके यायला लागतात. बहुतेक वेळा ते थोड्या वेळात आपोआप थांबतात, रक्त पोचल्याची खूण म्हणूनच आम्ही बघतो, पण कधी कधी शॉक द्यावा लागतो. बाहेर बसलेल्या पोराला आधी कुणी काही सांगितलंच नसलं की तो म्हणणारच, चांगला बोलत होता माणूस, आत नेऊन बिघडवलं. मग तेच गावभर होतं, आणि पुढचा पेशंट येतच नाही. म्हणून लिहिलं, आणि लेख काढून टाकणार नाही.

इजा होते कशी तर रक्त बंद असताना पेशीत आम्ल साठतं, कॅल्शियम वाढत जातं. गंमत अशी की ते आम्लच मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले भाग) पडद्यावरची छिद्रं बंद धरून ठेवतं. रक्त आलं की आम्ल धुऊन जातं, ऑक्सिजनबरोबर पेशीला इजा करणारे फ्री रॅडिकल तयार होतात, कॅल्शियमचा लोंढा असतोच, छिद्रं उघडतात आणि पेशी आकसून मरते, हे सगळं पहिल्या काही मिनिटांत. पण अण्णा, नस बंदच राहिली तर तो सगळाच भाग मरणार, उघडली तर त्यातला बराच वाचतो. उघडू नका असं मी कुठंच म्हटलेलं नाही.

आता पट्टा. १९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग झाला, नस आधी ५-५ मिनिटं ४ वेळा बंद करून सोडली आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला स्नायू एरवीच्या जेमतेम पाव भरला. तिथनं पुढं, हृदयाच्या नसेऐवजी दंडातलं रक्त असंच थोडं थोडं अडवायचं म्हणून पट्टा आवळून सोडायची कल्पना आली, आणि खरं सांगतो, मलाही फार आशा होती. पण २०१९ मध्ये युरोपातल्या ५ हजारांवर पेशंटांचा निकाल आला, वर्षभरानंतर मृत्यूत किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होण्यात काहीच फरक नाही. ही इजा कमी करायला वापरून बघितलेल्या सायक्लोस्पोरिन औषधाचंही तसंच, २००८ ला छोट्या अभ्यासात चमकलं, २०१५ ला मोठ्या अभ्यासात पडलं. प्रयोगातलं जनावर तरुण, निरोगी, आपला पेशंट साठीचा, शुगरवाला, आधीच चार गोळ्या चालू असलेला, हे एक कारण सांगतात. तेव्हा व्हिडिओ बघून घरी पट्टा आवळत बसू नका की ओ, तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो.

स्नायू वाचवायचा खात्रीचा उपाय आजही लवकर नस उघडणं हाच. जांबोटी, कणकुंबीकडनं पावसात यायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, त्यात गॅस झालाय म्हणून सोडा पिऊन रात्र काढतात. ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसली तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच द्यायचं असतं, अर्थात रक्तस्रावाचा धोका आहे का ते डॉक्टर बघून. कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत टेनेक्टेप्लेज नावाचं हे इंजेक्शन फुकट देतात. १०८ ला फोन केला की हे इंजेक्शन जवळ कुठं मिळेल ते आधी विचारा.

काकांचं. अटॅकनंतर लगेचच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी येतं त्यातला काही भाग मेलेल्या स्नायूचा, काही नुसता बधिर झालेल्या. बधिर स्नायू जिवंत असतो, काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत परत काम करायला लागतो. म्हणून ३५ हा शेवटचा आकडा धरू नका, साधारण दीड-दोन महिन्यांनी इको परत करतात, तारीख डॉक्टरांना विचारून घ्या. तोवर रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, नसेत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, नवीन आहे.