चाळिशी लावून चौघीजणी

तरुणपणी ज्या कादंबऱ्यांवर जीव टाकला त्या पन्नाशीत पुन्हा वाचायची हुक्की कुणाला आली, तर त्याने आधी बॉक्स बेडचं झाकण कोण उचलणार ते ठरवून घ्यावं. आमच्याकडे वाङ्मय तिथे राहतं. नौपाड्याची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला आलो, तेव्हा इंटिरिअरवाल्याने टीव्हीला अख्खी भिंत दिली आणि पुस्तकांना गादीखालची जागा. वर सासूबाईंच्या गोधड्या, दिवाळीचे कंदील, कुणीतरी लग्नात दिलेला आणि आम्हीही पुढे कुणाच्या तरी लग्नात देणार असलेला डिनर सेट, आणि सगळ्यांत खाली ‘चौघीजणी’.

लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा हा शान्ता शेळक्यांनी केलेला अनुवाद. मेग, जो, बेथ आणि एमी या चार मार्च बहिणींची गोष्ट. मी तो पहिल्यांदा वाचला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणून. ग्रंथालय १८९३ सालचं. मी ते पुस्तक इतक्यांदा बदलून पुन्हा तेच घेत असे की काउंटरवर मला दुसरं कुणी काही विचारतच नसे. पुढे स्वतःची प्रत घेतली. तिच्यात कसर लागली होती आणि तिने सुरुवातीपासून बरीच मजल मारली होती. म्हणजे घरात निदान कुणीतरी वाचत होतं.

आठवीत मी जो होते. वर्गातल्या झाडून सगळ्या मुली जोच होत्या. मेग व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण ती मुकाट्याने लग्न करून मोकळी होते. बेथ तर नकोच, ती मरते. आणि एमी म्हणजे जोने लिहिलेली गोष्टींची वही जाळून टाकणारी. तिच्याबरोबर आम्ही डबासुद्धा खाल्ला नसता. वडील आजारी पडल्यावर जो आपले केस विकते आणि पंचवीस डॉलर आणून आईपुढे ठेवते, ते वाचून मी इतकी पेटले की दारावर येणाऱ्या बोहारणीला वेणी दाखवून ‘याचं काय देशील?’ असं विचारलं. ती जुन्या साड्यांवर पातेली देणारी बाई. तिने वेणी तळहातावर घेऊन तोलली, टोकाची रिबीन बोटांनी चाचपली आणि म्हणाली, ‘आईला हाक मार.’ आई आली. त्या शनिवारी माझ्या डोक्याला खोबरेल जरा जास्तच जोर लावून चोळलं गेलं.

या खेपेला जो केस कापून घरात शिरली आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी विचार करत होते, भाव नीट केला का हिने?

तिथेच मला शंका यायला हवी होती. ख्रिसमसच्या सकाळी आई एका गरीब कुटुंबाची हकिगत सांगते आणि चौघी आपला गरमागरम नाश्ता उचलून त्या घरी नेऊन देतात. पूर्वी मी इथे हुंदके दिले आहेत. आता पहिला प्रश्न आला तो हा, की भांडी परत आली का? सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या, त्यांना प्रसंग वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘अगं, डबे दिले की झाकणं येत नाहीत कधी.’ दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पुस्तकावर याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

मग ती लिंबं. एमीच्या शाळेत खारवलेल्या लिंबांची टूम निघते, मुली एकमेकींना लिंबं देतात-घेतात, आणि एमीवर उधारी चढते. मेग तिला पैसे देते, एमी दोन डझन लिंबं घेऊन शाळेत जाते आणि नेमकी मास्तरांनी लिंबांवर बंदी घातलेली. तिला ती दोन-दोन करून खिडकीबाहेर फेकायला लावतात, वर हातावर छड्या. आई तिला सरळ शाळेतून काढते. मला पूर्वी फक्त लिंबांचं वाईट वाटलं होतं, तोंडाला पाणी सुटून. आता मात्र मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनशे मेसेज पडलेले बघत होते, आणि फी परत मिळाली का याची चिंता करत होते.

वाचन म्हणावं तसं सलग होत नाही हे सांगायला नकोच. बेथ पियानोला बसली की टँकर आल्याची वर्दी येते. शेजारच्या लॉरीने खिडकीतून डोकं काढलं की कुरिअरवाला.

पण खरी पंचाईत वडिलांनी केली. हे मार्च वडील पहिल्या भागात बराच काळ लढाईवर असतात, धर्मोपदेशक म्हणून, आणि तिथून सुंदर पत्रं पाठवतात. घरची गरिबी का, तर एका अडचणीतल्या मित्राला मदत करताना त्यांनी होतं ते घालवलं. कादंबरीत हे एका वाक्यात उरकलं आहे. ते वाक्य मी तरुणपणी वाचलंही नसेल. आता मी पुस्तक मिटून थेट हॉलमध्ये गेले, कारण आमच्याही घरात एकाने एका मित्राला पतपेढीत जामीन राहून दाखवलेलं आहे. मित्र आता पुण्याला असतो. हप्ते ठाण्यात असतात.

‘मी काय केलं आता?’ नवरा म्हणाला.

‘तुम्ही नाही. मार्च.’

‘मार्चचा हप्ता गेला की.’

पुढे शोधलं तर लेखिकेचा खरा बाप याहून थोर निघाला. ब्रॉन्सन अल्कॉटने १८४३ मध्ये मित्रांबरोबर एका शेतावर आदर्श वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही; कापूस गुलामांच्या कष्टाचा आणि लोकर मेंढीची, म्हणून अंगावर लिननचेच कपडे, न्यू इंग्लंडच्या थंडीत. वसाहत सात महिन्यांत आटोपली. पुढे ते घर कर्जातून वर काढलं ते या मुलीच्या पुस्तकांनी. तिला मुलींसाठी लिहायची फारशी हौसही नव्हती. प्रकाशक मागे लागला म्हणून लिहिलं, पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि वाचक विचारायला लागले, कुणाचं लग्न कुणाशी? तिने जोचं लग्न लॉरीशी लावलं नाही ते नाहीच. याबद्दल मी तिला तीस-पस्तीस वर्षं माफ केलं नव्हतं. आता वाटतं, बरं झालं. लॉरी म्हणजे जामीन राहणाराच मुलगा.

आणि मग ते प्रकरण आलं. जो आपल्या रागाबद्दल रडते तेव्हा आई तिला सांगते, मीही जवळजवळ रोज रागावलेली असते. चाळीस वर्षं प्रयत्न करतेय, राग गेला नाही, दाखवायचा नाही एवढं जमलं. मी ते पान तीनदा वाचलं. ही बाई आठवीतल्या मला देवघरातल्या समईसारखी वाटायची, आणि ती आतून सबंध पुस्तकभर धुमसत होती! नुसती गोड बोलणारी माणसं मला कधीच पटलेली नाहीत. मुली आईला मार्मी म्हणतात; या एका पानाने ती मार्मी माझी झाली.

त्याच पानावर असंही आहे की तिचा राग वर यायला लागला की नवरा ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे बघतो आणि ती खोलीबाहेर जाते. मूर्खासारखं मी हेही मोठ्याने वाचून दाखवलं. चार दिवसांनी सोसायटीच्या पार्किंगवरून माझा आवाज चढला, तर समोर सोफ्यावर बसून नवरा ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे प्रेमळ नजरेने बघत होता. मार्मीने ती मदत स्वतः मागितली होती. आमच्याकडून असा कोणताही अर्ज गेलेला नव्हता. त्या रात्री पोळ्या त्यांनी केल्या.

‘श्यामची आई’ही काढली. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम पोहायला जायचं टाळून लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारत बाहेर काढते, तिथे मी पूर्वी श्यामसाठी रडले होते. आता माझी सहानुभूती शिंपटीकडे. माझ्या मुलीला पोहायला पाठवताना गॉगल, टोपी, तीन महिन्यांची आगाऊ फी आणि वरून पाणीपुरीचं आश्वासन लागायचं. शिवाय त्या माउलीवर मुलाने अख्खं पुस्तक लिहिलं. माझी मुलगी माझ्यावर जे काही लिहिते ते फॅमिली ग्रुपवर, आणि तेही स्टिकरमध्ये.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनला मात्र मी हात लावलेला नाही. ‘वनवास’ १९९४ मध्ये आलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि आजी-आजोबांकडे राहणारा तो मुलगा मला धाकटा भाऊ असल्यासारखा आवडला होता. आता वाचलं तर मी विचारणार, याचे आईवडील त्याला सोडून कसे राहतात? आणि माझी लेक पाच वर्षांची होईपर्यंत नौपाड्यात माझ्या आईकडे असायची, मी सकाळची ठाणे लोकल पकडून फोर्टात. तिथे या प्रश्नाचं उत्तर देणारी मीच आहे. तो बेड उघडायला नवऱ्याची पाठ बरी होऊ दे, असं मी सांगते.

‘चौघीजणी’ बाहेर होती ती लेकीने उचलली. परीक्षा संपली होती आणि वायफाय बंद पडलं होतं, म्हणजे वाचनसंस्कृतीला लागतं ते सगळं जुळून आलं होतं. दोन दिवसांत ती अर्ध्यावर गेली. मी चहा घेऊन शेजारी बसले, भाबडेपणाने विचारलं, ‘कोण आवडली?’

‘एमी.’

‘एमी? जिने वही जाळली ती?’

‘चूक होती ती. पण बघ ना आई, तिला काय हवंय ते तिला पक्कं माहितीये. जो नुसती चिडचिड करते. आणि तुझी मार्मी तर किती इमोशनल ब्लॅकमेल करते! त्यांचा नाश्ता होता तो.’

नवऱ्याचं बोट ओठांकडे निघालेलं मला दिसलं. मी जवळजवळ रोज रागावलेली असते, पण मला चाळीस वर्षांचा सराव नाही. मी कप खाली ठेवला आणि तिला सांगून टाकलं की बेथ मरते, लॉरी एमीशी लग्न करतो आणि जो एका दाढीवाल्या प्रोफेसरशी.

‘आई!’ ती किंचाळली. ‘मी तिथपर्यंत गेले नव्हते!’