‘गोव्याची सहल’ म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, नमस्कार.

नलकॉन या गोव्यातल्या संगणक-सुरक्षेच्या परिषदेला आमच्या सहकारी बँकेतर्फे जाऊन आल्यावर लिहिलेल्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. भाषणं महिन्या-दोन महिन्यांत यूट्यूबवर फुकट येतात, अशा परिषदा म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा बाजार, आणि सभासदांच्या पैशावर गोवा बघून येण्याला ‘अद्ययावत राहणं’ असं गोंडस नाव दिलंय, असं तुमचं म्हणणं. वर ‘काजू आणलेत का?’ हेही विचारलंत. सहकारी बँकेत हयात घालवलेला माणूस असं विचारतो तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

पैशाचं आधी. प्रवेशिकेचे पैसे बँकेने भरले. रात्रीची बस आणि लॉज माझ्या खिशातून. समुद्र शेवटच्या दिवशी सकाळी तासभर पाहिला, तो कबूल.

बाजाराबद्दल तर मी तुमच्याच बाजूचा आहे. मुंबईत एका मोठ्या हॉटेलातल्या अशाच परिषदेत गळ्यातलं ओळखपत्र स्कॅन करू दिलं, बदल्यात स्टीलची बाटली मिळाली आणि पुढे तीन आठवडे ‘सर, डेमो कधी देऊ?’ म्हणून फोन. तिकडे पुन्हा फिरकलो नाही. आणि ताज्या बातमीसाठी परिषदेला जाऊच नये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या असंख्य सर्व्हरांवर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं सुरक्षेचं भोक उघड झालं तेव्हा ते आम्हाला इंटरनेटवरच कळलं आणि शनिवार-रविवार सर्व्हर तपासण्यात गेला.

यूट्यूबचा मुद्दा मात्र मला पटत नाही, कारण त्यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे. २०१० साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत बार्नबी जॅक या सुरक्षा-संशोधकाने व्यासपीठावर दोन एटीएम आणून त्यांतून नोटांचा पाऊस पाडला होता. तो व्हिडिओ मी घरी बसून दोनदा पाहिला आणि पुढची दोन वर्षं आमच्या एटीएमच्या पेटीचं कुलूप आणि यूएसबीचं तोंड यांच्याच मागे लागलो. मग ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेचं प्रकरण झालं. तिथे एटीएमच्या पेटीला कुणी हात लावला नव्हता. पैसे काढण्याची विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, मध्येच बसवलेला खोटा स्विच, म्हणजे एटीएमच्या विनंत्या बँकेकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेची नक्कल, ‘मंजूर’ म्हणून उत्तर देत होता. ११ तारखेला शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी गेले. सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून, आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला. भारतातल्या एटीएममधून गेलेले धरून एकूण ९४ कोटींच्या वर. मी कुलूप बघत बसलो होतो. व्हिडिओला उलट विचारता येत नाही ना, की ‘बाबा, आमच्यासारख्या बँकेत हे कुठून होईल?’

आता गोव्यातलं सांगतो, जे मूळ लेखात मी मोघम लिहिलं होतं. चहाच्या रांगेत परराज्यातल्या एका सहकारी बँकेचा माणूस भेटला. त्यांच्याकडे रॅन्समवेअर, म्हणजे डेटा लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं होतं. मी सहज विचारलं, बॅकअप नव्हता का? तो म्हणाला, ‘होता की. रोजचा. तोपण लॉक झाला.’ मग त्याने कागदी कपावर पेनने दोन चौकोन काढले, एक मुख्य सर्व्हर, एक बॅकअप सर्व्हर, आणि दोन्हींभोवती एकच गोल. डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनची लॉगिनं सांभाळणारी व्यवस्था, एक, ॲडमिनचा पासवर्ड एक. चोराला किल्ली एकदाच मिळवावी लागली.

सोमवारी ऑफिसात आल्या आल्या बॅकअप सर्व्हरचा स्क्रीन उघडला. लॉगिनच्या चौकटीखाली आमच्याच डोमेनचं नाव. पासवर्डही तोच चालला. साहेब, आमच्या ऑडिटच्या तक्त्यात या रकान्यापुढे दोन वर्षं ‘होय’ लिहिलेलं आहे, कारण प्रश्न ‘बॅकअप घेतला जातो का?’ एवढाच आहे.

आता तो सर्व्हर डोमेनबाहेर आहे, आणि दर आठवड्याला एक डिस्क काढून स्ट्राँगरूममध्ये सोनेतारणाच्या पाकिटांशेजारी ठेवतो. रजिस्टरला सही करून, तुमच्या काळच्या पद्धतीने. त्या डिस्कवरून सगळं परत उभं करून पाहिलं तेव्हा पहिल्या खेपेला डेटाबेस उठलाच नाही, आवृत्ती जुळेना. दीड दिवस गेला. खरा प्रसंग आला असता तर हा दीड दिवस ग्राहक काउंटरवर उभे असताना गेला असता.

तुम्ही म्हणाल, हे फोनवरही कळलं असतं. पण कुणाच्या फोनवर? घटना घडली की सहा तासांत सर्ट-इन या सायबर-सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवायचं, हा २०२२चा नियम आहे. ते सरकारला कळतं, शेजारच्या बँकेला नाही. आपल्याकडे ठेवीदार घाबरतील म्हणून सगळे गप्प. त्या माणसाने व्यासपीठावर हे सांगितलं नसतं आणि अनोळखी फोनवर तर मुळीच नाही. चहाचा कप हातात असताना, समोरचाही याच कामात पिचलाय हे दिसल्यावर सांगितलं.

खर्चाबद्दलचा तुमचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. दरवर्षी गोव्याला जायची गरज नाही. नलकॉन ज्या ‘नल’ नावाच्या गटातून निघाली, त्यांच्या बैठका पुण्या-मुंबईत होतात, फुकट. मी आता तिथे जातो. आणि गेल्या वेळी संचालक मंडळाला मी परिषदेचा अहवाल दिलाच नव्हता, फक्त बिल दिलं. ती चूक माझी. यंदा एक पान लिहून दिलंय, कपावरच्या त्या दोन चौकोनांसकट.

आणि हो, काजू आणले होते. अर्धा किलो, स्वतःच्या पैशाने. ऑडिटरनेच संपवले.