चालतंय की, सर!

सोलापूरच्या नवी पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात ‘नाही’ हा माल ठेवतच नाहीत. घरी बनवायच्या हेडफोन अॅम्प्लिफायरसाठी मी बीसी ५५० सी हा सिग्नल मोठा करणारा तीन पायांचा ट्रान्झिस्टर मागितला, तर मालकांनी डब्यांकडं न बघताच बीसी ५४७ ची पुडी पुढं सरकवली. "घिऊन जावा सर, सेमच हाय."

खोटं म्हणता येईना. दोघंही एनपीएन जातीचे, दोघंही ४५ व्होल्टचे, पायही त्याच क्रमानं. ५५० ची खरखर कमी, एवढंच. त्यातही मला सी ग्रुप हवा, कारण ए चा गेन, म्हणजे करंट किती पट वाढवतो तो आकडा, ११० ते २२० आणि सी चा ४२० ते ८००. "आत लावल्यावर ए का सी, कोण बघतंय?" मालकांचं म्हणणं. मी राहतो पूर्व भागात. भिंतीपलीकडं यंत्रमागांची दिवसरात्र खडखड, आणि मी इकडं मायक्रोव्होल्टातल्या खरखरीसाठी झुरतोय, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

एकदा सी ९४५ पण पुढं आला. तो तर ५४७ च्या जागी सरळ बसतही नाही. त्याचा कलेक्टर (तीन पायांपैकी एक) मधल्या पायावर, ५४७ चा कडेला, म्हणजे पाय एकमेकांवरून वळवून, स्लीव्ह घालून बसवायचा. योगासनंच ती.

खरी गंमत आउटपुटला. बीडी १३९ होता, त्याचा उलट्या, पीएनपी जातीचा जोडीदार १४० संपलेला. "मग दोन १३९ न्या की. जोडी झाली!" आता या सर्किटात एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं ढकलायचं असतं. दोघंही ओढायला लागले तर हेडफोननं कुणाकडं बघायचं? नंतर तळातल्या डब्यातून एसएल १०० आणि एसके १०० ही जुनी एनपीएन-पीएनपी जोडी निघाली. पत्र्याची टोपी, वर धूळ. कॉलेजच्या प्रॅक्टिकलनंतर मी त्यांना आत्ताच बघत होतो.

बत्तीस ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट दिला तरी करंट जेमतेम ३१ मिलिअँपिअर, मग मोठा ट्रान्झिस्टर कशाला, असं कुणी विचारेल. कशाला म्हणजे, गरमीला! डेटाशीटवरची, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातली, सोसायची पॉवर २५ अंशांची असते, त्यापुढं घटत जाते. ती शीट लिहिणारा माणूस मे महिन्यात सोलापूरला आलेला नाही. इथं ट्रान्झिस्टर चालू करायच्या आधीच तापलेला. तापला की दर अंशाला बेस-एमिटरचा (बाकीच्या दोन पायांमधला) व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो, करंट वाढतो, आणि तो आणखी तापतो. म्हणून हा करंट आवरणारे बायसचे डायोड आउटपुट ट्रान्झिस्टरला चिकटवूनच बसवायचे. त्यात तडजोड नाही.

इनपुटला शेवटी ५४७ सी वरच आलो. पण उजव्या-डाव्या कानाला गेन जवळजवळचा हवा, म्हणून काउंटरवरच मल्टिमीटर काढला आणि एकेक खोचून आकडे लिहायला लागलो. त्यातही चिमटीत जरा जास्त वेळ धरला की बोटाच्या उबेनं आकडा वर सरकतो, मग थांबायचं. गर्दी वाढली.

"ओ सर, दोन रुपयांची वस्तू हाय. वांगी निवडल्यासारखं काय करताय?"

मागं फॅनचा कंडेन्सर घ्यायला एक मावशी उभ्या होत्या. "निवडू द्या की ओ त्यांना. घरी नेल्यावर किडकं निघालं तर तुम्ही बदलून देणार व्हय?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमचं झालं की माझा कंडेन्सर पण लावून बघा हो त्याला."