श्रीलंकेत टंचाई आधी आली, आंदोलन नंतर

“युद्ध संपवणाऱ्या खंबीर नेत्याला श्रीलंकेच्या लोकांनी रस्त्यावर उतरून हाकललं, म्हणून तो देश पेट्रोल-गॅसला मोताद झाला. उरलेलं काम फुकट योजना, चीनचं कर्ज आणि सेंद्रिय शेतीने केलं.” हा मेसेज काल मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली माझ्या धाकट्या मावसभावाने लिहिलं, “म्हणूनच आंदोलनं नकोत.” ते वाचल्यावर गप्प बसवेना.

पहिलं वाक्यच धडधडीत खोटं आहे. तारखा बघा. मार्च २०२२ मध्ये कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. त्याच महिन्यात इंधनाच्या रांगेत उभे असलेले म्हातारे दगावले. महिनाअखेरीस वीज दिवसाला १३ तास जाऊ लागली. कोलंबोच्या गॉल फेसवर लोकांनी तळ ठोकला तो ९ एप्रिलला, आणि मेसेजमधले ‘खंबीर नेते’, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, देश सोडून गेले १३ जुलैला!

आणि तोवर अस्थैर्य होतं तरी कुठे? ऑगस्ट २०२० नंतर मित्रपक्षांसह संसदेत दोन तृतीयांश बहुमत. राजपक्षेंपैकी एक भाऊ राष्ट्राध्यक्ष, दुसरा पंतप्रधान, पुढे तिसरा अर्थमंत्री. अडवणारं कोणी उरलंच नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, तिजोरी आटली. परकीय चलन संपत आलं असताना १८ जानेवारी २०२२ला रोखेधारकांना, म्हणजे सरकारी रोखे घेऊन कर्ज देणाऱ्यांना, ५० कोटी डॉलर चुकते केले. डिझेल आणि औषधं याच डॉलरांत यायची होती. मदतीसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायलाही उशीर केला. मामा, तुम्ही उभी हयात बँकेत काढली, तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

हे माझं एकटीचं मत नाही. १४ नोव्हेंबर २०२३ला श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला की तिघा राजपक्षे बंधूंनी आणि त्यांच्या बड्या अधिकाऱ्यांनी अर्थव्यवस्था हाताळताना जनतेचा विश्वासघात केला. त्या निकालात दोष सरकारवर ठेवलाय, आंदोलकांवर नाही.

फुकट योजना? मोफत शिक्षण तिथे १९४५ पासून आहे. त्यानेच देश बुडायचा असता तर केव्हाच बुडाला असता; परदेशी कर्ज थकलं ते थेट २०२२ मध्ये.

चीनचं म्हणाल तर थोडं खरं आहे. चिनी बँकांनी सरकारी कंपन्यांना दिलेली कर्जं धरली तर वाटा साधारण पाचवा हिस्सा भरतो. पण त्याहून मोठा बोजा आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचा होता.

सेंद्रिय शेतीचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात घातलेल्या बंदीने भाताचं पीक घसरलं, चहालाही फटका बसला, आणि नोव्हेंबरात ती मागे घ्यावी लागली. पण ती घातली कोणी? याच खंबीर नेत्याने. २०१९ मधले ईस्टरचे बॉम्बस्फोट आणि कोविड यांनी पर्यटन बुडवलं, तेही खरंच.

हा नेता गेल्यावर काय झालं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ७० टक्क्यांना टेकलेली महागाई जुलै २०२३ पर्यंत १० टक्क्यांच्या आत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांनी मतदान करून नवा राष्ट्राध्यक्ष निवडला.

आता “आंदोलनं नकोत” म्हणणाऱ्या माझ्या भावासाठी. २००९ मध्ये तमिळ वाघांशी चाललेलं युद्ध संपलं, त्यात बेपत्ता झालेल्या मुलांचं काय झालं हे विचारत उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्चीच्या तमिळ आया फेब्रुवारी २०१७ मध्ये रस्त्याकडेला धरणं धरून बसल्या आणि वर्षानुवर्षं बसूनच राहिल्या. हे वाक्य तू त्यांना ऐकवशील का?